क्रॉसबॉडी बॅग आणि विमानतळावरची सिक्युरिटी: रांगेत उभं राहण्याआधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६७ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पहिलाच परदेश प्रवास. मुलगी तिला मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला घेऊन चालली आहे. खांद्यावरून आडवी घालायची क्रॉसबॉडी बॅग आईसाठी मुद्दाम नवी आणली आहे. ती सिक्युरिटीत अंगावरच ठेवता येते का? हँडबॅग म्हणून वेगळी मोजतात का? आत काय ठेवायचं? मंगळसूत्र, बांगड्या काढायला लावतात का? आणि मुख्य म्हणजे आई तिथे गोंधळून जाऊ नये म्हणून काय करता येईल?

मी १८ वर्षं टूर मॅनेजर म्हणून ग्रुप नेते. एका ग्रुपमध्ये तीस-पस्तीस माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. सिक्युरिटीच्या पलीकडे उभं राहून एकेक माणूस मोजून घेणं हे माझं दर दौऱ्यातलं काम. त्यामुळे लोक तिथे नेमके कुठे अडकतात, काय विसरतात, कशाने घाबरतात हे मी फार जवळून पाहिलं आहे. तुमच्या आईच्या वयाच्या बाईला या दहा मिनिटांची धास्ती वाटते, हे मला अगदी मान्य आहे. आणि ती घालवता येते, हेही मी खात्रीने सांगू शकते.

आधी छोटी उत्तरं देऊन टाकते. बॅग अंगावर ठेवता येत नाही. कितीही छोटी असली तरी ती काढून यंत्रातून पाठवावी लागते. कमरेच्या पाऊचलाही तोच नियम. बायकांची पर्स केबिन बॅगेखेरीज वेगळी नेऊ देतात, त्यामुळे आईच्या बॅगेबद्दल कुणी हटकणार नाही. पुरुषांच्या साइड बॅगेवरून मात्र कधीकधी काउंटरवर वाद होतो. बरोबर कुणी पुरुष असेल तर त्याची बॅग वेळ पडल्यास मोठ्या बॅगेत सरकवता येईल एवढीच असू द्या. मंगळसूत्र काढावं लागत नाही. बांगड्या, पाटल्या, कानातलं हेही नाही. धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना आवाज होईल, पडद्याआड महिला जवान हातातलं यंत्र फिरवून बघेल, संपलं. सोनं काढून ट्रेमध्ये ठेवण्याची चूक तर अजिबात करू नका. अंगावरचं सोनं अंगावरच सगळ्यात सुरक्षित असतं.

आता खरा मुद्दा. सिक्युरिटीत घोळ होतो तो बॅगेमुळे नाही, तर बॅगेत नसलेल्या वस्तूंमुळे. मोबाइल हातात, चष्म्याचं घर काखेत, सुट्टे पैसे ब्लाउजमधल्या बटव्यात, पासपोर्ट मुलीकडे की आपल्याकडे ते आठवत नाही, रुमाल कमरेला. ट्रे समोर आला की ही एकेक वस्तू घाईघाईने त्यात पडते. मागचा माणूस टेकलेला असतो, जवान ‘पुढे चला’ म्हणत असतो. पलीकडे गेल्यावर त्याच पाच-सहा सुट्या वस्तू उचलायच्या, आणि त्यातली एक राहते. माझ्या ग्रुपमध्ये मागे राहिलेल्या वस्तू आठवल्या तर घड्याळं, चष्मे, मोबाइल, कवळीची डबी, एकदा तर श्रवणयंत्र. बॅग मागे राहिल्याचं मला एकदाच आठवतं, त्याबद्दल पुढे सांगते.

म्हणून क्रॉसबॉडी बॅगेचा खरा उपयोग हा: अंगावरच्या सगळ्या वस्तू रांगेत शिरण्याआधी तिच्यात घालायच्या, चेन लावायची, आणि ट्रेमध्ये ती एकच वस्तू ठेवायची. सुटं काहीही नाही. हे काम रांगेत नव्हे, रांगेच्या आधी खुर्चीवर बसून करायचं. मुंबईला आंतरराष्ट्रीय प्रवासात आधी इमिग्रेशन, मग सिक्युरिटी असा क्रम असतो. इमिग्रेशनचा शिक्का बसला की लगेच सिक्युरिटीच्या रांगेकडे धावू नका. बाजूला व्हा, दोन मिनिटं थांबा आणि सामान लावून घ्या. माझ्या ग्रुपला मी तिथे रोखूनच धरते.

या दोन मिनिटांत पासपोर्ट बॅगेत जायला हवा. बोर्डिंग पास मात्र बाहेर, हातात. कारण अंगाची तपासणी करणारी जवान तो बघायला मागते आणि काही ठिकाणी त्यावर शिक्काही मारते. पास बॅगेत राहिला आणि बॅग यंत्रात गेली की तुम्ही चौकटीपलीकडे रिकाम्या हाताने उभ्या. मोबाइलवरच्या बोर्डिंग पासची अडचणही हीच आहे: मोबाइल ट्रेमध्ये द्यावा लागतो. तरुण मुलांना ते जमतं, पण आईसाठी काउंटरवरून कागदी पास घ्याच. एक मिनिटाचं काम आहे.

बॅगेच्या आत काय कुठे, हेही ठरलेलं असू द्या. माझी स्वतःची बॅग तीन कप्प्यांची आहे. पाठीकडच्या, म्हणजे अंगाला लागून असलेल्या चेनच्या कप्प्यात पासपोर्ट आणि थोडे पैसे. मधल्या मोठ्या कप्प्यात चष्मा, औषधांचा पाऊच, पॉवरबँक. पुढचा कप्पा मी मुद्दाम रिकामा ठेवते. तो सिक्युरिटीसाठी. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, सुट्टी नाणी, रुमाल, पेन, सगळं त्या कप्प्यात जातं आणि पलीकडे गेल्यावर त्यातूनच निघतं. रिकामा कप्पा ठेवण्याची सवय लागायला मला काही वर्षं लागली, पण ती लागल्यापासून माझं काही मागे राहिलेलं नाही.

एक लाल गोंडाही बांधा. साडीच्या पदराचा असतो तसा, किंवा लोकरीचा. काळी क्रॉसबॉडी बॅग आजकाल दर तिसऱ्या बाईकडे असते, आणि ट्रेमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात. बॅगेच्या बंदाला काहीतरी ठसठशीत असलं की आईला ती लांबूनही ओळखता येते.

यंत्राच्या आत काय होतं ते एकदा समजून घेतलं की बॅग कशी भरायची हे आपोआप कळतं. क्ष-किरणांच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. अन्न, कापड, कागद, प्लॅस्टिक अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी. धातू निळ्या. मधल्या प्रकारातल्या हिरवट. किरण आरपार जाऊ शकत नाहीत इतकी दाट वस्तू असेल तर तिथे काळा डाग. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काही सेकंदांत ठरवायचं असतं की ही बॅग जाऊ द्यायची की उघडायची. चित्रात वस्तू वेगवेगळ्या ओळखू आल्या तर तो जाऊ देतो. एकावर एक चढून गिचमिड झाली तर बॅग बाजूला काढतो. त्याला तुमच्यावर संशय असतो असं नाही, त्याला फक्त दिसत नसतं.

आता क्रॉसबॉडी बॅग छोटी, आणि आपली सवय ती ठासून भरण्याची. पॉवरबँक, तिच्यावर चार्जरची गुंडाळलेली वायर, वर नाण्यांची पुरचुंडी, त्यावर किल्ल्यांचा जुडगा: बॅग उघडलीच म्हणून समजा. त्यापेक्षा नाणी जवळजवळ नकोतच. वायर सैल गुंडाळून बाजूला. पॉवरबँक एका कडेला, तिच्यावर काही नको. काही ठिकाणी पॉवरबँक लॅपटॉपसारखी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, म्हणून ती वरच्या वर हाताला लागली पाहिजे. आणि ती चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकायची नाही. लिथियमची बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे काळजी नाही. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर मात्र दुसरी घ्या, कारण आकडा वाचता आला नाही तर ती ठेवून घेऊ शकतात. विमानात ती वापरायला अनेक कंपन्या आता मनाई करतात, तेवढं निघण्यापूर्वी तिकिटाच्या सूचनांत बघून घ्या.

दाट खाऊची गंमत आपल्या लोकांना माहीत नसते. कंदी पेढ्यांचा डबा, डिंकाचे लाडू, गुळाची चिक्की, पुरणपोळ्यांची चवड हे सगळं पडद्यावर एकसंध नारिंगी ठोकळा दिसतं. ते चालतं, कुणी काढून घेत नाही, पण त्यासाठी बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. म्हणून खाऊ क्रॉसबॉडीत नको, केबिन बॅगेत वरच्या बाजूला ठेवा. क्रॉसबॉडी अशी असावी की ती कधीच थांबू नये. बाकीचं काहीही थांबलं तरी पासपोर्ट आणि पैसे तुमच्या हातात परत आलेले असले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष पट्ट्यापाशी. ट्रे घेतल्यावर बॅग त्यात आडवी, सपाट ठेवायची, उभी नाही. उभी बॅग यंत्रातून जाताना पडते, आणि वरून बघणाऱ्या किरणांना तिची सगळी जाडी एकावर एक दिसते. मग तिचा लांब बंद. तो गोळा करून बॅगेवर किंवा बॅगेखाली ट्रेच्या आत घ्यायचा. क्रॉसबॉडी बॅगेचा हाच एक खास त्रास आहे. यंत्राच्या तोंडाशी शिशाच्या जाड रबरी पट्ट्यांचा पडदा असतो, आणि पट्टा संपतो तिथे पलीकडे रूळ असतात. बाहेर लोंबणारा बंद पडद्यात अडकतो किंवा रुळांच्या फटीत ओढला जातो. साखळीचा बंद असेल तर आणखीच.

बॅग मागे राहिली ती अशीच. काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंनी बॅग ट्रेमध्ये ठेवली, बंद बाहेर लोंबत होता, आणि त्या लगेच चौकटीकडे वळल्या. ट्रे पडद्यापाशी जाऊन तिरका झाला आणि अडकला. मागच्या प्रवाशाने आपला ट्रे पुढे जावा म्हणून तो बाजूला सरकवला. काकू पलीकडे पट्ट्यापाशी उभ्या, एकेक ट्रे बाहेर येतोय, त्यांची बॅग येत नाही. मी पोचले तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, बोलता येत नव्हतं. बॅग सापडली, यंत्राच्या अलीकडच्याच बाजूला टेबलाच्या कडेला. मधे गेली असतील पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांनी त्यांचा पुढचा सगळा दिवस नासला. विमानात त्या बॅग छातीशी धरून बसल्या होत्या, जेवणाचा ट्रे आला तरी सोडली नाही.

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक ग्रुपला एक गोष्ट सांगते, आणि तुमच्या आईलाही हीच एक लक्षात ठेवायला सांगा: बॅग यंत्राच्या आत गेलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकटीकडे जायचं नाही. पडदा हलून पुन्हा खाली पडला की मगच पाय उचलायचा. मागून कुणी घाई केली तरी हरकत नाही. तीन-चार सेकंदांचा प्रश्न असतो.

भारतातल्या विमानतळांवर बायकांसाठी एक अडचण जास्तीची आहे. पुरुषांची तपासणी उघड्यावर होते आणि भराभर होते. बायकांची पडद्याआड होते, तिथे रांग लागते. म्हणजे बॅग यंत्रातून बाहेर येऊन पडलेली असते आणि तिची मालकीण अजून पडद्याआड हात पसरून उभी असते. या मधल्या दोन-तीन मिनिटांत बॅगेवर तुमची नजर नसते. चेन लावलेली बंद बॅग आणि उघड्या ट्रेमध्ये पडलेला मोबाइल यांतला फरक इथे कळतो. तुम्ही दोघीच असलात तर कुणी आधी जायचं ते ठरवून घ्या. आधी तुम्ही तुमचं सामान घालून पलीकडे जा आणि पट्ट्याच्या शेवटाशी थांबा, असं मन म्हणेल. पण मग अलीकडे आई एकटी पडते. म्हणून उलटं करा. आईचं सामान तुम्ही लावून द्या, ते आत गेलेलं बघा, आईला पुढे पाठवा आणि तुमचं सामान लगेच मागे घाला. दोघींची बॅग लागोपाठ बाहेर येते आणि दोघी जवळपास एकाच वेळी पलीकडे पोचता.

गुडघ्याचं म्हणाल तर, सांधा बदललेला असल्यास चौकटीत बहुधा आवाज होईल. आत धातू आहे. आईने त्याने दचकायचं नाही, आणि जवानाने विचारायची वाटही बघायची नाही. पडद्याआड गेल्या गेल्या स्वतःहून सांगायचं: ‘गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.’ हिंदीत सांगितलं तर आणखी बरं. मुंबईला मराठी समजणारी जवान भेटेलच असं नाही, ही तपासणी करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात देशभरातल्या मुली असतात. ऑपरेशनचा कागद बरोबर असू द्या, पण तो दाखवला म्हणून तपासणी टळत नाही. यंत्र फिरवतील, गुडघ्यावरून हाताने चाचपतील, सोडतील. (हे वाचणाऱ्या कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी तो आधी सांगावा, त्याचं कार्ड दाखवावं, हातातलं यंत्र छातीवर धरू देऊ नये आणि हाताने तपासणी मागावी. ती मिळते.)

व्हीलचेअर घेतली असेल तर एक काळजी घ्या. खुर्ची ढकलणारा मदतनीस आईला वेगळ्या वाटेने, वेगळ्या यंत्रापाशी नेऊ शकतो. त्या वेळी आईचा पासपोर्ट तुमच्या बॅगेत आणि तुम्ही तिसऱ्या रांगेत, असं होता कामा नये. ज्याचा पासपोर्ट त्याच्या बॅगेत. आपल्याकडे घरातलं एक माणूस सगळ्यांचे पासपोर्ट सांभाळतं, ही सवय विमानतळावर फार महाग पडते.

बॅग बाजूला काढलीच तर? पट्टा दोन वाटांना फुटतो, आणि काढलेला ट्रे पलीकडच्या रुळांवर जातो. आईला हे आधीच सांगून ठेवा, कारण आपली बॅग दिसते आहे पण हाताला येत नाही, याने माणूस घाबरतो. तिथे जाऊन फक्त म्हणायचं, ‘ही माझी.’ स्वतः हात घालायचा नाही. बॅग तुमच्यासमोरच उघडतात. कधी एका पट्टीने आतून पुसून ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घालतात, तो स्फोटकांचे कण शोधण्याचा प्रकार आहे, सगळ्यांबाबत अधूनमधून करतात. मग बॅग परत एकदा यंत्रातून जाते.

कशासाठी बॅगा उघडतात? माझ्या ग्रुपमधल्या आजी-आजोबांच्या पिशव्यांतून जे निघालं आहे ते सांगते. पानाच्या चंचीतला अडकित्ता. तो पितळी, वडिलांच्या वेळचा होता, आजोबांनी तो सोडून देताना चेहरा कसा केला होता ते मला अजून दिसतं. विणकामाच्या पिशवीतली कात्री. देवासाठी घेतलेली काडेपेटी आणि कापूर. लायटर आणि काडेपेटी आपल्याकडे केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. कापूर ज्वालाग्राही, तोही कुठेच नाही. ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटी हा आपला खास विषय: सुकं खोबरं तेलकट असतं आणि आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं, म्हणून ते आपल्याकडे चालत नाही. निघताना शेजारच्या काकू ओटी भरतात, ती बायका मायेने तशीच बॅगेत ठेवतात. ओटीतले तांदूळ आणि कुंकू घ्या. खोबरं घरी ठेवा.

द्रव पदार्थांचा नियम आंतरराष्ट्रीय प्रवासात कडक आहे. २००६च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आत, आणि सगळ्या मिळून १ लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. मोजतात ते बाटलीवर छापलेलं माप, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलिलिटरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीत दोन चमचे तेल असलं तरी ती काढून घेतात. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. तूप, लोणचं, ओली चटणी, श्रीखंड, दही, जॅम, टूथपेस्ट, व्हॅसलीन हे सगळं त्यातच. लोणचं, तूप घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत. आईची औषधं, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन असेल तर ते मात्र जवळच ठेवायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. औषध जास्त असलं तरी चिठ्ठी दाखवून नेता येतं, फक्त ते वेगळं काढून समोर धरा.

शिकागोला जाताय म्हणून आणखी एक सांगते, कारण हे बहुतेकांना ठाऊक नसतं. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात हँडबॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर तिची जादा तपासणी होते, आणि ती नीट ओळखता आली नाही तर नेऊ देत नाहीत. २०१८पासून हे आहे. ३५० मिलिलिटर म्हणजे मोठा पेलाभर. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सातूचं पीठ, नाचणीचं सत्त्व: आईच्या हँडबॅगेत यातलं काही ना काही असणारच, मला माहीत आहे. सगळं चेक-इनमध्ये.

फ्रँकफर्टला दुसरी सिक्युरिटी होईल. भारतातून येणाऱ्यांना पुढच्या विमानात बसण्याआधी तिथे परत तपासणीतून जावं लागतं, त्यामुळे विमानात मिळालेली पाण्याची बाटली उतरतानाच संपवा. तिथे दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. एक, जाकीट, स्वेटर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. दुसरी, धातू शोधणाऱ्या चौकटीऐवजी किंवा तिच्याबरोबर अंगाची रूपरेषा टिपणारं यंत्र असतं, त्यात हात वर करून दोन-तीन सेकंद स्थिर उभं राहायचं. आपल्या चौकटीला फक्त धातू कळतो. या यंत्राला कमरेला खोचलेला रुमाल, खिशातला कागद, ब्लाउजमधला बटवाही दिसतो, आणि मग तिथे हाताने तपासतात. म्हणून मुंबईत चाललं ते तिथे चालेल असं धरू नका. बटवा आणि रुमाल विमानातून उतरतानाच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. भाषेची भीती बाळगायची गरज नाही, सगळं खुणांनी चालतं. एका ठिकाणी लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात, दुसऱ्या ठिकाणी आत राहू द्या म्हणतात. यंत्राच्या पिढीनुसार हे बदलतं, तेव्हा सांगतील तसं करायचं आणि मुंबईला असं नव्हतं म्हणून वाद घालायचा नाही.

पलीकडे पोचल्यावर बॅग उचलून थेट अंगात घाला. पट्ट्यापाशी उभं राहून वस्तू काढत बसू नका, तिथेच दुसऱ्यांचे ट्रे येत असतात आणि गोंधळ तिथेच होतो. चार पावलं पुढे बाक असतात. तिथे बसा, पुढचा कप्पा उघडा, मोबाइल, घड्याळ, चष्मा, मग पाठीचा कप्पा चाचपून पासपोर्ट. काही राहिलं असं वाटलं तर त्याच क्षणी मागे वळून जवानाला सांगा, गेटपर्यंत गेल्यावर नव्हे. विमान सुटल्यानंतर लक्षात आलं तरी सगळं संपलेलं नसतं: भारतातल्या विमानतळांवर सापडलेल्या वस्तूंची नोंद केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल ठेवतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर ती बघता येते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आई गोंधळू नये म्हणून काय करावं. निघण्याच्या आदल्या दिवशी घरी एकदा करून बघा. मी ग्रुपच्या बैठकीत हेच करते, आणि सत्तरीतल्या आजीही उत्साहाने करतात. जेवणाच्या टेबलावर एक मोठं ताट किंवा परात ठेवा, तो ट्रे. आई प्रवासाला नेसणार ती साडी किंवा ड्रेस घालून, चप्पल-बूट घालून, बॅग अडकवून उभी राहू दे. तिला सांगा, अंगावरचं काय काय बॅगेत जाणार ते घाल. तुम्ही काही आठवण करून देऊ नका, बघत राहा. पहिल्या खेपेला घड्याळ राहील, किंवा बटवा. दुसऱ्या खेपेला राहणार नाही. मग बॅग डोक्यावरून काढायची, अंबाड्यात किंवा चष्म्याच्या दोरीत बंद अडकतो का ते बघायचं (अडकत असेल तर बंदाच्या कडीची बाजू बदला, कडी उघडून बॅग काढणं वयस्कर माणसाला सोपं जातं), परातीत सपाट ठेवायची, बंद आत घ्यायचा. तुम्ही परात उचलून स्वयंपाकघरात न्या. आई बोर्डिंग पास म्हणून हातात एक पाकीट धरून उभी राहील. परात दाराआड गेली की तिने पाऊल उचलायचं.